मनगटाचा सांधा

लंडनच्या हाउन्सलोमध्ये हीथ्रो विमानतळाच्या मागच्या अंगाला एक इंडस्ट्रियल इस्टेट आहे. तिथे टायरचं दुकान आणि विमानांत जेवण पुरवणाऱ्यांचं कोल्ड स्टोअर यांच्या मधल्या गाळ्यात रचना गजभियेचं वर्कशॉप होतं. दगडाच्या जुन्या वस्तू दुरुस्त करायच्या, हे तिचं काम. बागेतले पुतळे, फायरप्लेसच्या कडा, चर्चमधल्या नावांच्या पाट्या. मार्चमधल्या एका मंगळवारी मेडनहेडहून मिसेस हॅलम नावाच्या बाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे. मागे टॅक्सीवाला, त्याच्या हातात लाकडी खोका. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं होतं की संगमरवराची एक जुनी वस्तू कोणीतरी चुकीची चिकटवली आहे, ती सुटी करून नीट जोडून हवी आहे, आणि तीन मोठ्या वर्कशॉप्सनी नको म्हटलंय.

खोका टेबलावर आला. रचनानं वरचं कापड बाजूला केलं आणि ती तशीच थांबली.

आत दोन हात होते. बाईचा हात एका संगमरवरी उशीवर टेकलेला आणि त्याच्या तळव्यात बाळाची मिटलेली मूठ. मिसेस हॅलमच्या पणजीची आई आणि अकरा महिन्यांचं होऊन गेलेलं तिचं पहिलं मूल. दीडशे वर्षांपूर्वी घरच्यांनी ते करून घेतले होते. बाईच्या मनगटावर आता एक पिवळट रेघ होती, घट्ट बसलेल्या दोऱ्यासारखी. रेघेच्या वरचा भाग खालच्यापेक्षा दोन मिलिमीटर सरकलेला होता, त्यामुळे हात तुटून कसाबसा लावल्यासारखा दिसायचा. तो तसाच लावलेला होता.

पाच वर्षांपूर्वी हे हात रचनानं स्वतः स्वच्छ केले होते. तेव्हा ते अखंड होते.

मिसेस हॅलम खुर्चीत बसून सांगत राहिल्या. ज्या वर्कशॉपमध्ये त्यांनी ते नुसते साफ करायला दिले होते, तिथल्या एका मुलीनं ते पाडले आणि कोणाला न सांगता इपॉक्सीनं चिकटवून टाकले. दोन वर्षांनी रेघ पिवळी पडली तेव्हा कुठे कळलं. वर्कशॉपच्या मालकानं सगळं लेखी कळवलं, माफी मागितली, मुलीला काढून टाकलं.

"रामटेके तिचं नाव," त्या म्हणाल्या. "मी सहसा कोणाचं वाईट चिंतत नाही. पण त्या मुलीला मी रोज शिव्या घालते. चहा घेताना समोर हे हात असतात ना."

रचना फॉर्म भरत होती. तिनं कागदावरून पेन उचललं नाही. काम होईल, म्हणाली, पण दीड-दोन महिने लागतील, घाई केली तर संगमरवराचे टवके उडतील. मिसेस हॅलमनी सही केली, टॅक्सीवाल्याचा हात धरून त्या निघून गेल्या. मग रचनानं गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसून राहिली.

रामटेके हे तिचं माहेरचं नाव. नागपूरहून ती इंग्लंडला आली ती मेडनहेडजवळच्या यशोधन दिघे यांच्या वर्कशॉपच्या व्हिसावर. यशोधन मूळ पुण्याचा, वीस वर्षं इथे, दगडकामात नाव कमावलेला. नवरा मिलिंद तिच्याबरोबर डिपेंडंट म्हणून आला आणि त्याला तिथेच एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. तीन वर्षं सगळं बरं चाललं. मग एका ऑक्टोबरमध्ये रचना दोन दिवसांच्या कोर्ससाठी केंब्रिजला गेली. परत आली तर हात पॅक केलेले आणि यशोधन नजर चुकवतोय. त्याच्या हातून ते पडले होते. दुसऱ्या दिवशी मिसेस हॅलमच्या नातीचं लग्न होतं, हात तिथे मांडायचे होते, म्हणून त्यानं त्याच संध्याकाळी ते चिकटवून टाकले होते. रचना म्हणाली, अजून इपॉक्सी पुरतं वाळलेलं नाही, आत्ताच सोडवू, बाईंना खरं सांगू. तो म्हणाला, तू तुझं काम बघ.

दोन वर्षांनी तक्रार आली तेव्हा त्यानं जुन्या रिपोर्टमध्ये तारीख एका दिवसानं पुढे केली, म्हणजे रचना केंब्रिजहून परतली त्या दिवसाची, आणि काम करणाऱ्याच्या जागी तिची आद्याक्षरं घातली. आठवड्याभरात तिची नोकरी गेली. होम ऑफिसचं पत्र आलं, साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा नाहीतर देश सोडा. मिलिंदच्या कंपनीनं त्याला स्पॉन्सर करायचं कबूल केलं ते चोपन्नाव्या दिवशी. अर्ज गेला, आणि निकाल येईपर्यंत देश सोडता येत नव्हता, सोडला तर अर्ज रद्द. त्या दिवसांत नागपूरला तिच्या बाबांना, जगदीश रामटेक्यांना, अटॅक आला. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. मुलगी लंडनला दगडांची डॉक्टर आहे, असं सगळ्या क्वार्टरमध्ये सांगत फिरायचा. ती गेली नाही. जाऊ शकली नाही. एका चुलत भावानं अंत्यविधीचा व्हिडिओ कॉल लावला होता, पण फोन धरणाऱ्याच्या पुढे एक चौकटीच्या शर्टातला माणूस उभा होता, आणि रचनाला पूर्ण वेळ त्याचा खांदा दिसला. पंचशील तेवढं ऐकू आलं.

नंतर कोणत्याच वर्कशॉपनं तिला दारात उभं केलं नाही. दगडकामाचं जग इथे छोटं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. दोन वर्षं तिनं हीथ्रोच्या टर्मिनलमध्ये मानेच्या उशा आणि प्लगचे ॲडाप्टर विकले. मग कर्ज काढून हा गाळा घेतला, नवऱ्याचं आडनाव लावून.

आणि आता हात स्वतःहून चालत आले होते.

तिनं घरी मिलिंदला सांगितलं. तो भांडी घासत होता, त्यानं नळ बंद केला. मग एवढंच विचारलं, "त्या बाईंना तू कोण ते सांगितलंस?"

"काम झाल्यावर सांगेन."

"आधी सांग, रचना."

तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं यशोधनला ईमेल लिहिला, इंग्रजीत, आर. गजभिये या नावानं, अगदी कोरडा. अशी अशी वस्तू माझ्याकडे आली आहे, आधीच्या दुरुस्तीत कोणतं इपॉक्सी वापरलं आणि ती दुरुस्ती कोणी केली ते कळवावं. हे विचारायची रीतच आहे, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. खरं बोलायची ही एक संधी ती त्याला देत होती. तो ती घेणार नाही, अशी तिला आशा होती.

दोन दिवसांत उत्तर आलं. सांध्याला मी कधीही हात लावलेला नाही, यशोधननं लिहिलं होतं. तेव्हाच्या एका कर्मचारी बाईंनी, मिस रामटेके यांनी, ते परस्पर केलं, त्यांची कामाची पद्धत दुर्दैवानं तशीच होती. काय वापरलं याची वर्कशॉपकडे नोंद नाही. खाली सही, सहीखाली पदव्या.

रचनानं त्याच्या दोन प्रती छापून घेतल्या. त्या दिवशी ती बऱ्याच वर्षांनी कामावर गुणगुणत होती.

सोडवण्याचं काम मात्र सावकाश चाललं. संगमरवर नाजूक असतो, त्याला ॲसिड चालत नाही, झटका चालत नाही, फार ऊब दिली तर तो आतून साखरेसारखा भुसभुशीत होतो. आधी तिनं खोलीत अंधार करून यूव्ही दिव्याखाली सांधा पाहिला. मनगटाभोवती इपॉक्सी निळसर पांढरं चमकलं, कुठे कुठे ओघळून बाळाच्या मुठीपर्यंत गेलेलं. मग तिनं द्रावणात भिजवलेला कापूस रेघेभोवती गुंडाळला, त्यावर फॉइल, त्यावर क्लिंग फिल्म. पंखा चालू, तोंडाला मास्क. रोज सकाळी कापूस बदलायचा, फुगलेलं इपॉक्सी बांबूच्या काडीनं खरवडायचं, फोटो काढायचा, लिहून ठेवायचं. दिवसाला जेमतेम अर्धा मिलिमीटर आत जाता यायचं. काही दिवस तेवढंही नाही.

हात कामात असले की डोकं मोकळं राहायचं, आणि डोक्यात यशोधन असायचा. त्याला कुठे गाठायचं, काय बोलायचं, कोणासमोर. ती वाक्यं जुळवायची, मोडायची, पुन्हा जुळवायची. कधी तिला वाटायचं की दुरुस्तीकारांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या वार्षिक सभेत उभं राहून बोलावं. कधी वाटायचं, त्याच्या घरी जावं, त्याच्या आईसमोर. एकदा चीड इतकी अनावर झाली की काडी घसरली आणि मनगटाच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा टवका निघाला. तिनं तो चिमट्यानं उचलून काचेच्या डबीत ठेवला, मास्क काढला, बाहेर जाऊन टायरवाल्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. त्या दिवशी पुन्हा कामाला हात लावला नाही.

सहाव्या आठवड्यात द्रावण आणखी आत जाईना. मधला भाग उरला होता. तिनं गरम पाण्याच्या पातळ पिशव्या मनगटाभोवती बांधल्या, थर्मामीटर लावला आणि ऊब अगदी हळूहळू वाढवत नेली. साठ अंशांच्या आसपास इपॉक्सी मऊ पडतं. दुपारी तीनच्या सुमारास तिनं सांध्यात नायलॉनचा दोरा सरकवला आणि दोन्ही टोकं धरून ओढत राहिली, करवतीसारखी, पण नखभर अंतरानं. चाळीसेक मिनिटांनी हात सुटला. काहीच आवाज झाला नाही. वरचा भाग तिच्या तळव्यात आला, बाळाच्या मुठीसकट.

इपॉक्सीच्या थरात प्लास्टिकचे तीन तुकडे होते. यशोधनला ही सवय होती, सांधा सरळ राहावा म्हणून तो मुदत संपलेली कार्डं कात्रीनं कापून मध्ये भरायचा. वर्कशॉपमध्ये सगळे त्याला हसायचे. कडेचे दोन तुकडे द्रावणानं सुजून चिकट झाले होते. मधला शाबूत होता. त्याच्या जिमच्या कार्डाचा तुकडा, आणि त्यावर काळ्या इंग्रजी अक्षरांत नावाचा मधला भाग: शोधन दि.

रचना खुर्चीत बसली. मग ती हसली, एकटीच, मास्कच्या आत. श्वास कोंडेपर्यंत हसली.

तिनं फोटो काढले, तुकडा होता तिथेच राहू दिला, आणि दोन ईमेल पाठवले. मिसेस हॅलमना लिहिलं की हात सुटे झाले आहेत, गुरुवारी अकराला येऊन बघावेत. यशोधनला लिहिलं की सांध्यात तुमच्या उपयोगाची एक गोष्ट सापडली आहे, गुरुवारी दहाला यावं.

तो सव्वादहाला आला. केस पांढरे झाले होते, कोट तोच जुना भारीतला. दारातच थबकला.

"रचना? गजभिये म्हणजे तू?"

"मिलिंदचं आडनाव. पाच वर्षांत तुम्ही कधी विचारलं नाहीत."

तिनं त्याला स्टूल दिलं आणि समोर भिंग लावलेला दिवा ओढला. त्यानं चष्मा काढला, वाकून पाहिलं. बराच वेळ तो वाकलेलाच राहिला. मग त्यानं विचारलं, "हे कोणाला दाखवलंस?"

हाच त्याचा पहिला प्रश्न असेल असं तिनं धरलंच होतं.

"अजून कोणाला नाही. अकराला मिसेस हॅलम येतायत."

त्यानं घड्याळ पाहिलं. मग तो बोलू लागला, आणि ती ऐकत राहिली. तेव्हा वर्कशॉप बुडायला आलं होतं. इन्शुरन्सवाले मागे लागले होते. त्याचं नाव गेलं असतं तर सगळ्यांच्याच नोकऱ्या गेल्या असत्या, तिचीसुद्धा, म्हणून एकाचंच नाव पुढे केलं. आपण परक्या मुलखातली माणसं, एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं. आत्ता तिच्या नावानं चांगलं पत्र लिहून देतो, गैरसमज झाला होता असं. आज त्याच्या स्पॉन्सरशिपवर चार जण आहेत, तिच्या वेळची ऋजुता अजून तिथेच आहे, या सगळ्यांचं काय होईल याचा तिनं विचार करावा.

"साठ दिवस मिळतात," रचना म्हणाली.

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या बाबांचं कळलं होतं मला. फार वाईट वाटलं."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. त्याच आठवड्यात, ऋजुतानं सांगितलं."

"त्याच आठवड्यात तुम्ही संस्थेला माझ्याबद्दल पत्र लिहिलंत. दोन पानी. मला त्याची कॉपी आली होती, तारीख पाठ आहे."

रचनानं त्याच्यासमोर त्याच्या ताज्या ईमेलची प्रत ठेवली, सांध्याला मी कधीही हात लावलेला नाही, ती ओळ वर येईल अशी घडी घालून. "दार उघडं आहे," ती म्हणाली. "तुम्ही गेलात तर मी सांगेन. थांबलात तर तुम्हीच सांगा."

तो थांबला.

मिसेस हॅलम पाच मिनिटं आधीच आल्या. यशोधन उभा राहून बोलला. परिस्थिती अशी होती, निर्णय चुकीचा घेतला गेला, नोंदीत गफलत झाली, असं म्हणत तो दोन-तीन वाक्यं फिरला. रचनानं मध्येच विचारलं, "कोणाच्या हातून पडले?"

"माझ्या," तो म्हणाला.

"चिकटवले कोणी?"

"मी."

"आणि नाव कोणाचं लिहिलं?"

"तुझं."

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. म्हाताऱ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या रचनाकडे बघत होत्या.

"म्हणजे रामटेके तू?"

"हो."

"पहिल्या दिवशी मी तुझ्या तोंडावर तुला शिव्या दिल्या. तू फॉर्म भरत होतीस."

रचनानं मान हलवली. आधी सांगितलं असतं, ती म्हणाली, तर तुम्ही खोका उचलून परत गेला असता.

"कदाचित गेले असते. पण ते मी ठरवायचं होतं." मिसेस हॅलम टेबलापाशी गेल्या. सुट्या झालेल्या हातावरून, बाळाच्या मुठीवरून त्यांनी एक बोट फिरवलं. "यानं हे स्वतःला वाचवायला वापरले. तू याला पकडायला वापरलेस. हे माझ्या घरचे आहेत."

रचना म्हणाली की ते दोन्ही सारखं नाही. मिसेस हॅलम म्हणाल्या, नाही, सारखं नाही, आणि तुझ्यावर अन्याय झाला याचं मला वाईट वाटतं. मग त्यांनी दोन्ही भाग पॅक करायला सांगितले. आणखी आठवड्याभरात ते असे जोडून देईन की रेघ दिसणार नाही, असं रचनानं दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, ते मी दुसऱ्याकडून करून घेईन. तिनं पॅक केले. टवक्याची काचेची डबीही खोक्यात ठेवली, आणि तो कसा निघाला हे खरं खरं लिहिलेला कागद. प्लास्टिकचा तुकडा मात्र मिसेस हॅलमनी तिला ठेवू दिला.

त्या दिवशी घरी आल्यावर ती मिलिंदवर कारण नसताना ओरडली. तो आधी काय म्हणाला होता, याची आठवण त्यानं करून दिली नाही. त्याचा तिला जास्तच राग आला.

पुढचं तिनं एकटीनं केलं, आणि एकही पायरी सोडली नाही. रिपोर्ट, फोटो, दोन्ही वेळचे खोटे कागद, सगळं संस्थेला पाठवलं, इन्शुरन्स कंपनीला पाठवलं, आणि ज्या तीन मोठ्या वर्कशॉप्सनी तिला एके काळी दारातून परत पाठवलं होतं त्यांनाही. चौकशी उन्हाळाभर चालली. यशोधनची मान्यता गेली. त्याची मोठी कामं गेली. सप्टेंबरमध्ये वर्कशॉपला टाळं लागलं आणि त्याचं नाव आता ज्या सुरात घेतलं जातं, तो सूर रचनाच्या ओळखीचा होता. ते ऐकून तिला बरं वाटलं. अजूनही वाटतं, हे ती कोणापासून लपवत नाही.

चारांपैकी तिघांना दुसरीकडे नोकऱ्या मिळाल्या. ऋजुताला मिळाली नाही, ती पुण्याला परत गेली. पाच वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी ऋजुता वर्कशॉपमध्येच होती, तिनं सगळं पाहिलं होतं, आणि चौकशीत ती काही बोलली नव्हती. ती जाते आहे असं कळलं तेव्हा रचनानं फोनवर तिला मेसेज लिहायला घेतला. चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या.

संस्थेचं पत्र ऑक्टोबरात आलं. मिस आर. रामटेके यांच्यावरचा ठपका मागे घेण्यात येत आहे, झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे. दोन ओळी. ती उभ्यानंच वाचली. समोर एका चर्चचं बाप्तिस्म्याचं दगडी भांडं तडकून आलं होतं, सोमवारी द्यायचं होतं, म्हणून तिनं पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कामाला लागली.

नागपूरला आईला तिनं रविवारी फोन केला. द्रौपदीबाई मोठ्या मुलाकडे असतात आता, सून मनीषा त्यांच्याजवळ बसलेली होती. रचनानं पत्र वाचून दाखवलं, मराठीत समजावून सांगितलं. माझं नाव आता साफ आहे, म्हणाली. वर्कशॉप बंद झालं तेही सांगितलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग रडला का तो?"

यशोधन रडला नव्हता. गाळ्यातून निघताना त्यानं कोटाची बटणं एक एक करून लावली होती, आणि टायरवाल्याला गाडी काढायला जागा कर म्हणून सांगून तो गेला होता.

"रडला," रचना म्हणाली.

"खूप?"

"खूप रडला, आई. माझ्यासमोर."

पलीकडे आईनं फोन तोंडापासून दूर धरून मनीषाला सांगितलं, रडला म्हणते, आणि पुन्हा एकदा सांगितलं, खूप रडला म्हणते.